निरोप कोणत्या वाटेनं?

8 मार्च 2021, सोमवार. त्या दिवशी देशभरात ओटीपी येईनासे झाले. ऑनलाइन खरेदी पैसे भरण्याच्या पायरीवर अडली, नेट बँकिंगमध्ये लोकांना शिरता येईना, नुकत्याच सुरू झालेल्या ज्येष्ठांच्या लसीकरणाची नोंदणीही खोळंबली. बिघाड कुठल्या टॉवरचा नव्हता. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक व्यावसायिक एसएमएस आधी नोंदवलेल्या मजकुराशी ताडून पाहायचा आणि जुळला नाही तर टाकून द्यायचा, असं ठरलं होतं. ही चाळणी मोबाइल कंपन्यांनी त्या दिवशी खऱ्या अर्थानं लावली. ज्यांनी मजकूर नोंदवले नव्हते किंवा नोंदवलेला एक आणि पाठवलेला दुसरा असा घोळ केला होता, त्यांचे निरोप चाळणीतच राहिले. दुसऱ्याच दिवशी ट्रायनं ती सात दिवसांसाठी उठवली.

एक वाट बंद झाली तर यंत्रानं आपणहून दुसरी धरावी, ही कल्पना तेव्हा नवी नव्हती. ती विकणारेही बाजारात होते. पण त्या सोमवारनंतर ती समजावून सांगायची गरज उरली नाही. आज बँकेपासून वीज कंपनीपर्यंत कुणाचाही निरोप निघताना कुठला तरी प्रोग्रॅम क्षणभरात ठरवतो: ॲपचं नोटिफिकेशन, व्हॉट्सॲप, एसएमएस, ईमेल की थेट फोन. ‘बेस्ट चॅनल’ असं त्याला म्हणतात. कुणासाठी बेस्ट, हा प्रश्न मागे वळून पाहताना वारंवार आडवा येतो.

पूर्वी ही निवड पाठवणारा स्वतः करायचा आणि ती त्याच्या खिशाला कळायची. खुशालीला पोस्टकार्ड, घरातलं चारचौघांत न बोलण्यासारखं असेल तर आंतरदेशीय, आणि तार फक्त जन्म, मरण, नोकरी, लग्न यांसाठी. दारात तारवाला दिसला की मजकूर वाचण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. निरोपाचं वजन वाटेवरूनच कळत असे. शुभेच्छांच्या तारांसाठी खात्यानं ठरावीक वाक्यांना क्रमांक दिले होते. आपण क्रमांक सांगायचा, पलीकडे वाक्य उमटायचं. आज एसएमएसचे मजकूर नोंदवताना ठरलेलं वाक्य आणि मध्ये बदलत्या आकड्यासाठी रिकामी जागा असते, ती पाहिली की तारखात्याची आठवण येते. तारेची शेवटची नोंदणी 14 जुलै 2013 ला झाली. तोवर तिचं तातडीचं काम एसएमएसनं केव्हाच उचललं होतं.

पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 ला इंग्लंडमध्ये गेला, नाताळच्या शुभेच्छांचा. भारतात मोबाइल आला 1995 मध्ये. एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती रोमन अक्षरं. देवनागरीला जागा 70. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘तुमच्या खात्यात 500 रुपये जमा झाले.’ हे साधं वाक्य 35 जागा खातं. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, तारीख, शिल्लक आणि बँकेचं नाव घातलं की सत्तरी ओलांडलीच, म्हणजे एकाऐवजी दोन एसएमएसचे पैसे. वर कित्येक जुन्या हँडसेटवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसत. बँका इतकी वर्षं आपल्याशी तुटक इंग्रजीत का बोलत राहिल्या, याचं बरंचसं उत्तर या हिशेबात आहे. भाषेबद्दलची अनास्था होतीच, पण तिला दराचा भक्कम आधार होता.

आपल्याकडे एसएमएस ही नुसती सोय राहिली नाही, नियमानं ती सक्ती केली. 1 ऑगस्ट 2009 पासून कार्डानं ऑनलाइन पैसे भरताना आणखी एक पडताळणी हवी असं रिझर्व्ह बँकेनं ठरवलं आणि पुढे तिचं रूप म्हणून ओटीपी रुजला. दुसऱ्या बाजूनं जाहिरातींचा इतका मारा झाला की 27 सप्टेंबर 2011 पासून ट्रायनं एका सिमवरून दिवसाला 100 एसएमएसची मर्यादा घातली. पुढे काही आठवड्यांत ती 200 झाली. दिवाळी, नववर्षाला स्वस्त एसएमएसचे पॅक बंद ठेवणारे ‘ब्लॅकआउट डे’ त्याच काळातले. आणि या सगळ्या दरांना वळसा घालणारी देशी युक्ती म्हणजे मिस्ड कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. अस्सल फुकट वाहिनी! तिच्यावर धंदा उभा करणारी बंगळुरूची झिपडायल ही कंपनी 2015 मध्ये ट्विटरनं विकत घेतली.

महाराष्ट्राचा या गोष्टीतला वाटा शेतातून आला. रॉयटर्सनं 2007 मध्ये ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा इथेच सुरू केली. शेतकऱ्यानं वर्गणी भरायची आणि त्याच्या पिकाचे बाजारभाव, हवामान, सल्ला एसएमएसनं मराठीत घ्यायचा. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिन्टेन या दोन अर्थतज्ज्ञांनी राज्यातल्या 100 गावांत तिची रीतसर चाचणी घेतली. काही गावांतल्या शेतकऱ्यांना सेवा वर्षभर मोफत दिली, बाकीच्यांना नाही. 2012 मध्ये निष्कर्ष छापून आले. निरोप मिळत होते, काही शेतकरी वेगळ्या बाजारात माल नेऊनही पाहत होते, पण हाती पडणाऱ्या सरासरी भावात म्हणावा असा फरक दिसला नाही. निरोप बिनचूक पोचला म्हणजे त्याचं काम झालं असं नव्हे, हे इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे क्वचितच मोजलं गेलं असेल. व्यापाऱ्याची उचल घेतलेल्या माणसाला दुसऱ्या बाजारातला भाव कळून तो काय करणार? त्याच सुमारास इफ्को आणि एअरटेल यांनी मिळून शेतकऱ्यांना रोज काही ध्वनिसंदेश पाठवायला सुरुवात केली होती, लेखी नव्हे तर बोललेले. ऐकणाऱ्याला वाचता येतं का, या प्रश्नावरून वाट ठरली, असं एवढ्या मोठ्या पसाऱ्यात मला सापडलेलं हे एक उदाहरण. पुढच्या यंत्रांनी हा प्रश्न फारसा विचारला नाही.

कारण स्वयंचलित निवड सुरू झाली तीच दराच्या पोटी. घाऊक एसएमएसच्या धंद्यात आधी वाहिनी निवडायची नव्हती, ती एकच होती. निवडायचा होता रूट. एकाच नंबरपर्यंत जाणारे अनेक रस्ते, प्रत्येकाचा दर वेगळा, आणि प्रोग्रॅम त्यातला स्वस्त धरायचा. या खेळात महत्त्वाची असते पोच. एसएमएस थेट तुमच्या फोनवर जात नाही. तो आधी मोबाइल कंपनीच्या केंद्रात थांबतो, फोन बंद असेल तर पुन्हा पुन्हा प्रयत्न होतो आणि ठरावीक मुदतीनंतर तो सोडून दिला जातो. फोननं घेतला की उलट पोच जाते. धंद्यातली माणसं तिला डीएलआर म्हणतात. स्वस्त रूटवाले निरोप न पोचवताच ‘पोचला’ असं कळवत, ही या धंद्याची जुनी खोड. खोट्या पोचेवर शिकलेलं यंत्र खोट्या रस्त्यालाच उत्तम ठरवणार, हे उघड आहे.

आपल्याकडे या पोचेला कायद्याचंही वजन आहे. 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की खात्यातून परस्पर पैसे गेले आणि चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल, तर बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकाला तोशीस लागणार नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर त्याचा तोटा ठरावीक मर्यादेपर्यंतच. म्हणून निरोप पोचल्याची तारीख आणि वेळ बँकेच्या यंत्रणेनं नोंदवलीच पाहिजे. घड्याळ त्या पोचेपासून चालू होतं. आता खातं गावाकडच्या आईचं आणि त्याला जोडलेला नंबर पुण्यातल्या मुलाचा, अशी किती घरं आपल्या ओळखीत आहेत? तिथे पोच मुलाच्या खिशात होते. तो रात्रपाळीत असला, फोन सायलेंटवर असला, तरी आईचे दिवस मोजायला सुरुवात झालेली असते. यंत्राच्या लेखी मात्र सगळं हिरवं.

ऑगस्ट 2018 मध्ये व्हॉट्सॲपनं मोठ्या कंपन्यांसाठी दार उघडलं आणि पोचेच्या पलीकडची खूण हाती आली: वाचलं. निळी टिक बंद ठेवणारे अपवाद सोडले, तर निरोप नुसता पडला की उघडला हेही आता मोजता येऊ लागलं. मग उतरंड तयार झाली. आधी ॲपचं नोटिफिकेशन, कारण ते जवळजवळ फुकट. काही सेकंदांत पोच आली नाही तर व्हॉट्सॲप, तिथेही नाही तर एसएमएस, ओटीपी असेल तर शेवटी फोन करून आकडे वाचून दाखवायचे. पहिल्या पिढीत हा क्रम माणसानं लिहिलेला असे आणि सगळ्यांना एकच. पुढच्या पिढीतली यंत्रं प्रत्येक नंबरचा इतिहास पाहू लागली. हा सकाळी उघडतो, ही ईमेल कधीच उघडत नाही, याच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपच नाही. बहुतेक वेळा आजवर यशस्वी ठरलेली वाट धरायची आणि अधूनमधून मुद्दाम दुसरी चाचपायची, नाहीतर बदललेल्या सवयी कळणार नाहीत. रीत हुशार आहे, मान्य. पण तिला यश म्हणजे काय हे कुणीतरी सांगावं लागतं, आणि सांगणारा असतो बिल भरणारा.

2021 सालानं यंत्रांना दोन्हीकडून धडे दिले. मार्चमध्ये एसएमएस अडला आणि 4 ऑक्टोबरच्या रात्री व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडलं. एका टोपलीत सगळं ठेवू नये हे तेव्हा पटलं. दरांचा खेळ मात्र थांबला नाही. परदेशी कंपन्यांना भारतात एसएमएस पाठवायचा दर देशी दराच्या कित्येक पट असल्यानं त्यांचे ओटीपी व्हॉट्सॲपवर सरकू लागले. मग 2024 मध्ये व्हॉट्सॲपनंही अशा ओटीपींसाठी वेगळा, चढा दर लावला. तुमच्या फोनवर एखादा कोड या महिन्यात हिरव्या ॲपमध्ये आणि पुढच्या महिन्यात एसएमएसमध्ये आला, तर तुमची सवय बदलली असं समजू नका, कुणाचं तरी दरपत्रक बदललेलं असू शकतं. आरसीएसची, म्हणजे एसएमएसच्या सुधारित अवताराचीही, अशीच ये-जा झाली. गूगलनं 2015 मध्ये जाइब ही कंपनी घेऊन ते पुढे रेटलं, भारतात जाहिरातींनी ते इतकं तुंबलं की 2022 मध्ये इथल्या जाहिराती थांबवाव्या लागल्या, आणि 2024 मध्ये आयफोननं ते स्वीकारल्यावर उतरंडीत त्याला पुन्हा पायरी मिळाली.

या सगळ्या चातुर्यासमोर एक अगदी ठोंबी वाहिनी उभी आहे, आणि मला तिचं कौतुक वाटतं. 2023 मध्ये एकाच वेळी हजारो फोन किंचाळले आणि पडद्यावर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी असल्याचं झळकलं, मराठीतही. लोक दचकले, हॅकिंग झालं म्हणून एकमेकांना विचारत सुटले. ती सेल ब्रॉडकास्ट. ती नंबर पाहत नाही, इतिहास पाहत नाही, पोचही मागत नाही. टॉवरच्या टप्प्यात असलेल्या प्रत्येक चालू, ती सोय असलेल्या फोनवर एकदम ओरडते. धरणाचे दरवाजे उघडताना कोण काय उघडून वाचतो हे शिकत बसायला वेळ नसतो.

अलीकडे यंत्राच्या पर्यायांत एक नवा शिरला आहे: पाठवायचंच नाही. 25 जून 2024 पासून एचडीएफसी बँकेनं यूपीआयवर 100 रुपयांपेक्षा कमी दिले किंवा 500 पेक्षा कमी मिळाले, तर एसएमएस पाठवणं थांबवलं; ईमेल येत राहील असं सांगितलं. वडापावच्या प्रत्येक प्लेटमागे एक एसएमएस कुणालाच नको होता, हे खरं. पण ईमेल न पाहणाऱ्या माणसासाठी ती वाट बंद झाली, हेही तितकंच खरं. तिकडे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2025 मध्ये पडताळणीचे नवे निर्देश काढले, ते 1 एप्रिल 2026 पासून लागू. एसएमएस ओटीपी त्यांत बाद केलेला नाही, फक्त पडताळणीच्या दुसऱ्या रीतींनाही रस्ता मोकळा झाला.

आणि ग्राहकाची पसंती? ती विचारणारी सोय कागदावर 2018 पासून आहे. ज्या नियमांमुळे 2021 चा तो सोमवार उगवला, त्यांतच लिहिलंय की ग्राहक 1909 या क्रमांकावर किंवा मोबाइल कंपनीच्या ॲपमधून सांगू शकतो: कोणत्या विषयाचे व्यावसायिक निरोप हवेत, फोननं की एसएमएसनं, दिवसाच्या कोणत्या प्रहरात, सुट्टीच्या दिवशी चालतील का. डीएनडी म्हणजे ‘सगळं बंद’ एवढंच माहीत असलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी ते पान कधी उघडलेलं नाही. उघडलं तरी तिथे निवड फोन आणि एसएमएस यांच्यातच. व्हॉट्सॲपला ते नियम लागू नाहीत. तिथे नकोशा कंपनीला एकेक करून ब्लॉक करायचं.