वस्तूंवरील अक्षरे

गेल्या पावसाळ्याच्या तोंडी तलासरी तालुक्यातील एका पाड्यावरील शाळेस भेट देण्याचा योग आला. वीटभट्टीवरून नुकताच परतलेला एक पालक हातात चकचकीत पेटी घेऊन शाळेच्या पडवीत उभा होता. ती पॉवर बँक होती. "गुरुजी, यावर काय लिहिलं आहे तेवढं सांगा," एवढीच त्याची मागणी. गुरुजींनी पेटीवरील मोठा आकडा वाचून दाखविला, 'दहा हजार'. आणि फोनच्या बॅटरीवर पाच हजार असल्यामुळे फोन दोनदा पूर्ण भरेल, असा हिशेबही सांगितला. भागाकार बिनचूक होता, उत्तर मात्र चुकले होते. खरे सांगावयाचे तर त्या क्षणी मलाही ते बरोबरच वाटले. पुढील भेटीत कळले की, फोन सव्वा वेळाच भरतो म्हणून तो गृहस्थ दुकानदारावर रागावला होता. दुकानदाराने त्यास फसविले नव्हते. आम्ही दोन शिकलेल्या माणसांनी वाचले ते अर्धवट वाचले होते.

पूर्वी पाड्यावरचे लोक पत्र वाचून घेण्यासाठी शिक्षकाकडे येत. आता ते वस्तू वाचून घेण्यासाठी येतात. सहा महिने भट्टीवर किंवा मासेमारीच्या बोटीवर राबून आणलेला पैसा एका वस्तूत जावयाचा असतो, आणि ती घ्यावी की न घ्यावी हे आपल्या शब्दावर ठरते. म्हणून वस्तूवरील अक्षरे व आकडे यांचा अर्थ आपणांस नीट ठाऊक असला पाहिजे. त्यांपैकी नित्य उपयोगी पडणाऱ्या काहींचा विचार येथे केला आहे.

प्रथम तो दहा हजारांचा आकडा. तो मिलिअँपिअर-तासांचा असतो, आणि पेटीच्या आतील सेलच्या ३.७ व्होल्ट दाबावर मोजलेला असतो. ३.७ ला १० अँपिअर-तासांनी गुणिले म्हणजे ३७ वॅट-तास एवढी ऊर्जा येते. पेटीतून फोनकडे वीज जाते ती मात्र ५ व्होल्टांनी. तेव्हा ३७ भागिले ५, म्हणजे ७,४०० मिलिअँपिअर-तासच उरले. त्यांतून दाब वाढविताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, आणि हाती सुमारे सहा हजार येतात. हा खरा आकडाही पेटीच्या मागे बारीक अक्षरांत 'रेटेड कपॅसिटी' या शब्दांपुढे बहुधा छापलेला असतो. कळशीत पाणी किती, एवढेच विचारून भागत नाही. ती किती उंचीवर ठेवली आहे हेही विचारावे लागते. दोन वस्तूंची तुलना करावयाची झाल्यास वॅट-तास पाहावेत, हे उत्तम. सातवीच्या वर्गाला हे उदाहरण फळ्यावर अवश्य घालावे. शेकडेवारीच्या कृत्रिम उदाहरणांपेक्षा मुले त्यात अधिक रमतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट चिन्हांची. आयएसआय हे चिन्ह १९५५ पासूनच्या प्रमाणन योजनेचे. १९८७ साली ती संस्था जाऊन भारतीय मानक ब्यूरो आला, तरी चिन्हाचे नाव तेच राहिले. केवळ चिन्ह पाहून समाधान मानू नये. त्याच्या वर मानकाचा क्रमांक व खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो नसेल तर ते चिन्ह नुसते चित्र समजावे. फोन, चार्जर, पॉवर बँक, एलईडी बल्ब यांना वेगळी सक्तीची नोंदणी आहे. त्यांवर 'आर' हे इंग्रजी अक्षर, आडवी रेघ व पुढे आठ अंक असतात. हे दोन्ही क्रमांक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपवर घालून पाहिल्यास उत्पादकाचे नाव दिसते. पेटीवरचे नाव व तेथील नाव जुळले नाही, तर वस्तू परत ठेवावी. आठवडे बाजारात पथारीवर मिळणारे चार्जर या परीक्षेस क्वचितच उतरतात. असला चार्जर फोन बिघडवितो हे सर्वांस माहीत आहे. परंतु त्यातील २३० व्होल्टांची बाजू व फोनकडची बाजू यांतील अंतर अपुरे असेल, तर फोन हाती धरलेल्या मुलास विजेचा धक्का बसू शकतो, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

तीन पिनांच्या प्लगमधील एक पिन जाड व लांब का असते, हा प्रश्न मी वर्गतपासणीत नेहमी विचारतो आणि पुष्कळदा मला उत्तर मिळत नाही. ती भूसंपर्काची पिन होय. लांब असल्यामुळे ती इतर दोहोंच्या आधी जोडली जाते व सर्वांत शेवटी सुटते. जाड असल्यामुळे ती चुकीच्या भोकात शिरत नाही. दोन पिनांचा प्लग बसावा म्हणून या वरच्या भोकात पेन्सिल खुपसणे, किंवा वायरची उघडी टोके आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचणे, हे प्रकार मी शाळांतही पाहिले आहेत, आणि ते करणारे शिक्षकच होते. मुले पाहतात तेच करतात. सॉकेटवर ६ व १६ असे आकडे असतात. ते अँपिअर होत. पाणी तापविण्याचा १,५०० वॅटांचा रॉड २३० व्होल्टांवर साडेसहा अँपिअर घेतो, म्हणजे तो ६ च्या सॉकेटवर किंवा साध्या एक्स्टेंशन बोर्डावर लावणे मुळातच चूक आहे. आश्रमशाळांतील अधीक्षकांनी हे विशेष पाहावे. शाळेच्या मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा गळती-विच्छेदक आहे की नाही, हेही वायरमनला विचारून घ्यावे. असल्यास त्यावरील चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबावे.

आता ज्या आकड्यासाठी हा लेख लिहावा असे मला प्रथम वाटले, तो सांगतो: सीआर २०३२. चैत्रात डहाणूच्या महालक्ष्मीच्या यात्रेत लुकलुकणारी खेळणी, दिव्यांच्या अंगठ्या, बोलणारी चित्रे घेऊन मुले घरी येतात. त्यांतील कित्येकांत बटणाएवढा चपटा सेल असतो. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. ही मापे लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकण्यास अगदी नेमकी ठरतात. सेल तेथे अडकला की, ओल्या आवरणातून वीज वाहू लागते व त्या जागी दाहक क्षार तयार होतो. दोन तासांत अन्ननलिकेस गंभीर इजा होऊ शकते. सेल गिळताना फोडला जावा लागत नाही. खेळणे चालेनासे झाले म्हणून काढून टाकलेल्या 'मेलेल्या' सेलमध्येही एवढी इजा करण्यापुरती वीज शिल्लक असते. मूल लाळ गाळते, खोकते, जेवण नाकारते. कधी काहीच दिसत नाही. अशा वेळी ओकारी काढू नये, भाकरी वा केळे खाऊ घालून सेल खाली ढकलण्याचा खटाटोप करू नये, आणि 'उद्या शौचावाटे पडेल' म्हणून वाट तर मुळीच पाहू नये. क्ष-किरण तपासणीची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे, आणि तशाच सेलची दुसरी प्रत किंवा खेळणे सोबत न्यावे. नाकात वा कानात सेल गेला असेल तर थेंब घालू नयेत. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. तथापि यात्रेतील खेळण्यावर ते शोधत बसण्याऐवजी सेलच्या झाकणास स्क्रू आहे की ते नखाने उघडते, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. यात्रेच्या आधीच्या पालकसभेत ही गोष्ट सांगावी. सभेस खरा सेल घेऊन जावा व तो हातोहात फिरवून शेवटी मोजून परत घ्यावा.

शाळेच्या खरेदीविषयी थोडे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर शंख, बिया, पाने, खडे यांतून बालशिक्षणाची साधने उभी केली. त्याच तालुक्यात आपण काम करतो. तेव्हा टीव्ही मागण्यापूर्वी तो कोणत्या पाठासाठी हवा, याचे उत्तर आपल्याजवळ असावे. उत्तर असेल तर टीव्ही जरूर घ्यावा, मात्र वीज जाते तेव्हाचा हिशेब आधी मांडावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची इन्व्हर्टर बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास. तिचे आयुष्य टिकावे म्हणून निम्मेच वापरावयाचे ठरविले तर ९००. टीव्ही ७० वॅट, दोन पंखे ६० व दोन दिवे २०, असे १५० वॅट धरल्यास सहा तास येतात, आणि इन्व्हर्टरमधील घट वजा जाता पाच. पंखे मात्र जुने ७५ वॅटांचे असतील तर हा हिशेब कोसळतो. छताच्या पंख्यांवर २०२३ पासून ऊर्जाबचतीच्या ताऱ्यांची चिठ्ठी सक्तीची आहे. तिच्यावरील वॅटांचा आकडा वाचावा. रोज सहा तास व वर्षाचे दोनशे दिवस धरले, तर ७५ वॅटांचा पंखा ९० युनिटे खातो आणि ३० वॅटांचा ३६. बॅटरी वर्गात ठेवू नये. भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तिला हवेशीर जागा लागते.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जी माहितीपत्रकात कोणी छापत नाही. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्क्यांमागून धक्के बसू लागले आणि त्या काळात कित्येक वर्ग उघड्यावर भरले. टीव्ही मुलांच्या डोक्यावर किंवा दाराच्या वर लावू नये. भिंत कच्ची असेल तर तो बुटक्या, भिंतीस जखडलेल्या कपाटावर ठेवावा. किनाऱ्यालगतच्या शाळांना खारी हवा हा वेगळा शत्रू आहे. तेथे लोखंडी चौकटीपेक्षा अ‍ॅल्युमिनियमची बरी, आणि प्लगवर हिरवा थर दिसला की तो बदलावाच.

शेवटी फोन. जुना फोन घेणाऱ्यास *#०६# दाबून येणारा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक पाहावयास शिकवावे. 'केवायएम' ही तीन इंग्रजी अक्षरे, मोकळी जागा व तो क्रमांक असा संदेश १४४२२ ला पाठविल्यास फोनची माहिती येते. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन तेथेच उघडा पडतो. मागचे झाकण उचलले गेले असेल किंवा पडदा एका कडेने वर आला असेल, तर आतील बॅटरी फुगली आहे असे समजावे. ती दाबू नये, टोचू नये, भरू नये. वाळूच्या पाटीत घराबाहेर ठेवून दुरुस्तीवाल्याकडे द्यावी. मुलांच्या हाती तर ती खेळावयास कधीच देऊ नये.

तलासरीचे पुष्कळ लोक उंबरगाव, भिलाड, वापी येथे खरेदी करतात. राज्य दुसरे म्हणून तक्रार चालणार नाही, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये ग्राहकास आपण राहतो तेथील आयोगाकडे तक्रार करता येते, आणि १९१५ या क्रमांकावर आधी सल्लाही मिळतो. पण त्यासाठी बिल लागते. त्यावर वस्तूचा क्रमांक लिहून घ्यावा. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत बिलांवरील अक्षरे काही महिन्यांत उडून जातात. म्हणून त्याच दिवशी त्याची झेरॉक्स काढावी, आणि वस्तू शाळेची असेल तर ती जडसंग्रह नोंदवहीतील त्या नोंदीच्या पानास चिकटवावी.