दारात पाऊस, उन्हाळ्यात टँकर
महाड-पोलादपूरच्या पाण्याचा हिशेब नेमका कोणाकडे?

महाड : रायगड किल्ल्याच्या रस्त्यावर महाड सोडल्यानंतर नाते हे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री राहिलेले चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी येथेच झाला. देशाच्या तिजोरीचा हिशेब ठेवणाऱ्या अर्थमंत्र्याच्या या मुलखात ग्रामपंचायतींच्या तिजोरीची परीक्षा दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत होते आणि त्या परीक्षेचा विषय बहुधा एकच असतो, तो म्हणजे पिण्याचे पाणी.

वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील डोंगरवाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे शहरी वाचकाला विचित्र वाटेल. कारण जमिनीत आहे. सह्याद्रीचा काळा कातळ पाणी फारसे मुरू देत नाही, उतार तीव्र आहेत आणि नद्या आखूड आहेत. रायगडाच्या परिसरातून येणारी गांधारी महाडजवळ सावित्रीला मिळते आणि पावसाळ्यात बाजारपेठेत शिरणारे पाणी काही दिवसांत खाडीमार्गे समुद्राला जाते. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर बुडाले आणि त्याच दिवसांत तळिये गावावर दरड कोसळली. पाण्याचे हे रूप सर्वांना आठवते. मार्चनंतर तळ गाठणाऱ्या विहिरीची बातमी मात्र आतल्या पानावर येते.

विहीर आटल्यावर कारभाराची साखळी हलू लागते. ग्रामपंचायत ठराव करून पंचायत समितीकडे मागणी पाठविते, तहसीलदार व गटविकास अधिकारी संयुक्त पाहणी करतात आणि मंजुरीनंतर टँकर सुरू होतो. टंचाईच्या काळात ग्रामीण भागासाठी धरलेले प्रमाण माणशी दररोज २० लिटर आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने घरोघरी नळाने ५५ लिटर देण्याचे उद्दिष्ट ठेवले. नळ बसविणे त्यातल्या त्यात सोपे. ज्या विहिरीवर तो जोडला ती मेपर्यंत टिकविणे अवघड आहे.

तालुक्याच्या कारभारातील ‘गट’ हा शब्द इंग्रजी ‘ब्लॉक’चे मराठी रूप आहे. सामूहिक विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला, तेव्हा विकासगट अस्तित्वात आले. त्या वेळी अर्थखाते देशमुखांकडेच होते, हा योगायोगही नोंदवण्यासारखा आहे. पुढे बलवंतराय मेहता समितीच्या शिफारशी आल्या, राज्यात वसंतराव नाईक समिती नेमली गेली आणि १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या काम करू लागल्या. महसुलाची साखळी याहून जुनी व वेगळी आहे. तलाठी, तहसीलदार, महाड-पोलादपूरसाठी महाडचे प्रांत आणि अलिबागचे जिल्हाधिकारी असे तिचे टप्पे आहेत. पाण्याच्या एका अर्जाला या दोन्ही साखळ्यांशी गाठ घालावी लागते. दोन्हींचे मुख्यालय अलिबागला आहे आणि पोलादपूरच्या डोंगरातून तेथे जाऊन परतायचे म्हटले की दिवस मोडतो.

पैशाचे गणित याहून गुंतागुंतीचे आहे. महाड औद्योगिक वसाहतीलगतच्या ग्रामपंचायतींना कारखान्यांच्या कराचा आधार असतो. इतरांकडे घरपट्टी, पाणीपट्टी आणि वरून येणारे अनुदान एवढेच. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ पासून ग्रामीण अनुदानाचा ६० टक्के भाग बंधित केला, त्यातील निम्मा पाण्यासाठी व निम्मा स्वच्छतेसाठी. राज्यात या निधीपैकी ८० टक्के ग्रामपंचायतींना आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी विभागणी ठरली. मात्र निवडून आलेले मंडळ नसेल तेथे हप्ता मिळत नाही. रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, निवडणूक दीर्घकाळ लांबली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. मतदानाला होणारा उशीर हा केवळ राजकारण्यांचा प्रश्न नसतो, तो असा.

या निधीचे वाटप प्रामुख्याने लोकसंख्येवर होते. २०११ च्या जनगणनेत महाड तालुक्याची लोकसंख्या १,८०,१९१, तर पोलादपूरची अवघी ४५,४६४ होती. संपूर्ण जिल्ह्याची २६ लाखांहून अधिक आणि एकट्या पनवेलची साडेसात लाख. शिरगणतीवर वाटप झाले की पोलादपूरच्या वाट्याला काय येणार, हे उघड आहे. त्यातही मोजणी होते ती गावात सापडलेल्या माणसांची. भातावर वर्ष निघत नाही म्हणून येथील घरटी एखादा तरी मुंबईत असतो. हे चाकरमानी गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात मुलाबाळांसह गावी येतात. म्हणजे विहीर तळाला गेलेली असते, नेमके तेव्हाच बंद घरांची कुलपे निघतात आणि गावाची तहान वाढते. पंपाचे वीजबिल वाढते, पाणीपट्टी मात्र तेवढीच राहते. चार-दोन आठवड्यांच्या या पाहुण्यांसाठी अनुदानाच्या हिशेबात रकाना नाही.

पुढील जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली असून या भागासाठी संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. प्रत्यक्ष शिरगणती फेब्रुवारीत होणार आहे. त्या महिन्यात विहिरींना अजून पाणी असते आणि चाकरमान्यांच्या घरांना कुलूप.