पिसवा मांजराच्या अंगावर, बिऱ्हाड मात्र घरभर

मांजर कधी दाराबाहेर पडत नाही. त्याचे खाणे वेगळे, बसायची गादी वेगळी. तरीही एके दिवशी ते मागच्या पायाने कान खाजवू लागते, झोपेतून दचकून उठते आणि शेपटीच्या मुळाशी कराकरा चावू लागते. दोन-चार दिवसांत मुलांच्या घोट्यांवर तांबडे ठिपके उठतात. डास चावले असतील म्हणून दुर्लक्ष होते. मग सोफ्यावरून टुणकन उडी मारणारा तपकिरी कण कुणाच्या तरी नजरेस पडतो आणि घरात एकच गोंधळ उडतो. आजी म्हणते, ‘ते मांजर सोडून या कुठेतरी.’ मुले रडकुंडीला येतात. शेजारीपाजारी हमखास उपाय सांगू लागतात.

अशा वेळी मांजर सोडून देण्याची मुळीच गरज नसते. पण घाईघाईने केलेला उपाय पिसवांऐवजी मांजराच्याच जिवावर बेतू शकतो, हे मात्र प्रत्येक गृहिणीने लक्षात ठेवायला हवे.

बंद घरात पिसवा येतात कशा?

पिसू जेमतेम २ ते ३ मिलिमीटरची असते. तिला पंख नसतात, पण उडी मारण्यात तिचा हात धरणारा विरळाच! जिन्यात बसणारी भटकी मांजरे, पाहुण्यांचा कुत्रा, उंदीर, आपलेच कपडे किंवा बूट यांच्यामार्फत ती घरात शिरते. कधी आधीच्या भाडेकरूच्या जनावराची ही ‘भेट’ असते.

एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती मांजराच्या केसांना चिकटून राहत नाहीत. मांजर जिथे झोपते, लोळते, तिथे ती घरंगळून पडतात. त्यातून निघालेल्या अळ्या उजेड टाळून सतरंजीच्या विणीत, सोफ्याच्या कडेला, पलंगाखाली, फरशीच्या फटीत दडतात. पुढे त्या स्वतःभोवती चिकट कोश विणतात. त्या कोशात कीटकनाशक सहसा शिरत नाही. आत पिसू कित्येक महिने गुपचूप बसून राहू शकते आणि माणसाच्या चालण्याचा हादरा किंवा अंगाची ऊब जाणवताच बाहेर पडते. सुट्टीहून परतल्यावर बंद घरात पाऊल टाकताच पिसवा पायांवर तुटून पडतात, त्याचे कारण हेच.

म्हणजे मांजराच्या अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण पसाऱ्याचा लहानसा भाग. उरलेले बिऱ्हाड अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात घरभर थाटलेले असते. पावसाळ्यातली दमट, उबदार हवा तर त्यांना फारच मानवते.

आधी खात्री करून घ्या

मांजर स्वतःला सतत चाटून स्वच्छ करत असल्यामुळे पिसवा दिसतीलच असे नाही. बारीक दातांच्या फणीने त्याची मान, पाठ आणि शेपटीचे मूळ विंचरा. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. कणांभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजेच वाळलेले रक्त समजावे. फणीत सापडलेल्या पिसवा नखाने चिरडण्याऐवजी साबणाच्या पाण्यात बुडवा.

हे उपाय चुकूनही करू नका

घरात कुत्रा असेल तर त्याचेच औषध मांजराला लावण्याचा मोह होतो. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असते. कुत्र्याला ते सोसते, पण मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. काही तासांतच मांजर थरथरू लागते, लाळ गाळते, झोकांड्या खाते, त्याला झटके येतात आणि वेळेवर उपचार न मिळाल्यास ते दगावते. चुकून असे औषध लागलेच तर कोमट पाणी आणि भांडी धुण्याच्या सौम्य साबणाने ते धुऊन काढा आणि लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे धाव घ्या. कुत्र्याला असे औषध लावल्यावर ते वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ जाऊ देऊ नये.

रॉकेल, फिनेल, डांबराच्या गोळ्या, कापूर, टी ट्री तेल, लसूण हे घरगुती उपायही मांजरासाठी घातक आहेत. मांजर अंग चाटते, त्यामुळे अंगाला लावलेली प्रत्येक वस्तू त्याच्या पोटात जाते. ढेकूण-झुरळांचे औषधही त्याच्या अंगावर कधी फवारू नये.

मग करायचे काय?

पशुवैद्याला मांजराचे वय आणि वजन सांगून खास मांजरांसाठी असलेले औषध घ्या. फिप्रोनिल, सेलामेक्टिन किंवा इमिडाक्लोप्रिड असलेले थेंब बहुधा महिन्यातून एकदा लावायचे असतात. मानेच्या मागे, जीभ पोहोचणार नाही अशा जागी, केस बाजूला करून ते थेट कातडीवर टाकावेत. घरात जितकी मांजरे आणि कुत्री असतील, त्या सर्वांवर एकाच वेळी ज्याच्या-त्याच्या औषधाने उपचार करावेत.

अगदी लहान पिल्लांना मात्र सल्ल्याशिवाय कोणतेही औषध लावू नये. पिसवांनी रक्त शोषल्यामुळे पिल्लू पांढुरके पडते, मलूल होते आणि प्रसंगी मरतेही. त्याच्या हिरड्या फिकट दिसल्या तर लगेच दवाखाना गाठावा.

आता घराकडे वळा. मांजराचे अंथरूण, चादरी, गोधड्या आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. पलंगाखाली, दिवाणाच्या कोपऱ्यांत, सोफ्याच्या फटींत रोज केर काढा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर उत्तमच, फक्त त्यातला कचरा लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाका. पिसवा फारच झाल्या असतील तर घरात फवारणीचा विचार करावा. मात्र औषध मांजरासाठी सुरक्षित असल्याचे पशुवैद्याला विचारून घ्यावे आणि सर्व काही वाळेपर्यंत मुले आणि मांजर यांना बाहेर ठेवावे.

एवढे करूनही दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा पिसवा दिसतात. अनेकजण ‘औषध लागूच पडले नाही’ म्हणून इथेच हात टेकतात. प्रत्यक्षात त्या जुन्या कोशांतून नव्याने बाहेर पडलेल्या असतात. उपचार आणि साफसफाई किमान तीन महिने नेटाने चालू ठेवली, तरच ही साखळी तुटते.

घरच्यांना धोका किती?

पिसू म्हटले की जुन्या माणसांना प्लेग आठवतो. १८९६ साली मुंबईत प्लेगचा कहर झाला. १८९८ मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत, उंदरांवरच्या पिसवांमुळे हा रोग पसरतो हे दाखवून दिले. पण ती उंदराची पिसू. मांजराच्या पिसवेची जात वेगळी आणि प्लेग पसरवण्यात तिचा वाटा फारच थोडा.

तरी दोन गोष्टींची काळजी घ्यावी. पिसू गिळल्यामुळे मांजराला पट्टकृमी होतात. त्याच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले तर जंताचे औषध विचारावे. रांगत्या बाळाच्या पोटात चुकून पिसू गेली तर त्यालाही हे कृमी होऊ शकतात. दुसरे म्हणजे पिसवांच्या विष्ठेतले जंतू मांजराच्या नखांवाटे ओरखड्यात शिरू शकतात. म्हणून ओरखडा साबणाने लगेच धुवावा, आणि ताप आला किंवा काखेत गाठ आली तर डॉक्टरांना दाखवावे.

पिसवा होणे हे मांजराच्या किंवा गृहिणीच्या अस्वच्छतेचे लक्षण नाही. टापटिपीच्या घरातही त्या येतात. योग्य औषध, धुतलेली अंथरुणे आणि तीन महिन्यांचा धीर एवढ्यावर त्यांचे बिऱ्हाड उठते. त्यासाठी घरातल्या मुक्या जिवाला रस्त्यावर काढण्याचे काहीच कारण नाही.