पाकप्रयोग आणि भीड

अमेरिकेंतील उपनगरांतून एक देखावा कित्येक वर्षें पाहावयास मिळत आला आहे. सायंकाळची वेळ असते. दहाबारा स्त्रिया, व अलीकडे कांहीं पुरुषही, एका मेजासमोर बसलेले असतात. मेजापलीकडे उभी असलेली बाई भाजी चिरते, पीठ मळते, भट्टींतील पदार्थ बाहेर काढते; आणि हें करीत असतां हातांतील सुरीचे, पात्राचे व थाळीचे गुण सांगत जाते. पदार्थ तयार झाला म्हणजे तो सर्वांस चाखावयास मिळतो, आणि बशा रिकाम्या होतात न होतात तोंच मागणीचे कागद हातोहात फिरूं लागतात. दुकान नाहीं, फळी नाहीं, दर्शनी कांच नाहीं; तरी विक्री होते. ही पाकप्रयोगाची पार्टी. पूर्वीं ती बहुधा कोणाच्या तरी घरीं भरे. आतां ती सभागृहांत, ग्रंथालयाच्या खोलींत किंवा कचेरीच्या उपाहारगृहांतही भरते. स्थळ बदललें म्हणजे यजमानीण, पाहुणी व विक्रेती ह्या तिघींचें परस्परांशीं असलेलें नातेंही बदलतें. तें कसें बदलतें हें ओळखल्यावांचून बाहेर पार्टी भरविली, तर पदरीं बहुधा निराशाच येते.

ह्या पद्धतीचा इतिहास फार जुना नाहीं. १९३१ सालीं फ्रँक स्टॅन्ली बेव्हरिज ह्यांनीं स्टॅन्ली होम प्रॉडक्ट्स ही कंपनी काढली. एकेका दाराशीं जाऊन कुंचे व साफसफाईचें सामान दाखविण्यापेक्षां एका घरीं दहाजणी जमवून तेंच दाखविणें सोयीचें, हें तिच्या विक्रेत्यांच्या ध्यानांत आलें. त्याच १९३१ सालीं वायोमिंग राज्यांतील ग्रीन रिव्हर ह्या गांवानें असा नियम केला कीं, बोलावल्यावांचून फिरत्या विक्रेत्यानें कोणाचें दार ठोठावूं नये. आणि पुढें इतर अनेक गांवांनीं तो उचलला. आमंत्रणावरून भरलेल्या मेळाव्यास असल्या नियमाची बाधा पोंचत नव्हती.

अर्ल टपर ह्यांनीं १९४६ च्या सुमारास घट्ट झांकणाचीं प्लास्टिकचीं भांडीं बाजारांत आणलीं, परंतु दुकानांत तीं पडून राहूं लागलीं. झांकण कसें बसवावें व आंतील हवा कशी बाहेर काढावी, हें कोणी करून दाखविल्यावांचून गिऱ्हाइकास उमजत नसे. ब्राउनी वाइज ह्या बाईंनीं तें घरगुती मेळाव्यांतून करून दाखविलें. आणि १९५१ सालीं टपर ह्यांनीं आपला माल दुकानांतून काढून घेऊन सर्व विक्री अशा मेळाव्यांवर सोंपविली. १९५४ सालीं 'बिझनेस वीक'च्या मुखपृष्ठावर वाइज ह्यांचें चित्र झळकलें. १९५८ सालीं मात्र त्यांस कंपनींतून दूर करण्यांत आलें. पुढें १९८० सालीं गृहशास्त्राच्या शिक्षिका डॉरिस ख्रिस्तोफर ह्यांनीं आपल्या विम्यावर ३,००० डॉलर्स कर्ज काढून, शिकागोजवळील आपल्या घराच्या तळघरांत पॅम्पर्ड शेफ ही कंपनी सुरू केली. टपरवेअरच्या पार्टींत मुख्यतः भांडें दाखवीत. येथें त्या भांड्यांनीं प्रत्यक्ष स्वयंपाक करून दाखवूं लागले. २००२ सालीं ही कंपनी बर्कशायर हॅथवे ह्या बलाढ्य संस्थेनें विकत घेतली.

घरांतील पार्टीच्या यशाचें रहस्य दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट प्रत्यक्ष प्रयोगाची. जाहिरातींतील सुरी सर्वच चांगल्या असतात. डोळ्यांदेखत टोमॅटो चिरणारी सुरी मात्र खोटें बोलूं शकत नाहीं. दुसरी गोष्ट भिडेची. पार्टी भरविणाऱ्या यजमानीणीस विक्रीच्या प्रमाणांत कांहीं वस्तु फुकट किंवा सवलतीनें मिळतात, आणि पाहुण्यांस हें ठाऊक असतें. जिच्या घरचा चहा घेतला, जिच्या मुलाबाळांची चौकशी केली, तिच्या देखत रिकाम्या हातानें उठणें जड जातें. १९९० सालीं जोनाथन फ्रेन्झेन व हॅरी डेव्हिस ह्या अमेरिकन अभ्यासकांनीं अशा विक्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाहुणी कांहीं विकत घेते कीं नाहीं, हें यजमानीणीशीं असलेल्या तिच्या स्नेहावर बरेंच अवलंबून असतें, असें त्यांस आढळून आलें. 'भीड भिकेची बहीण' असें आपल्याकडे म्हणतात. ह्या व्यापारांत भीड पुष्कळदां विक्रीची बहीण झालेली दिसते.

मग पार्टी घराबाहेर कां न्यावी? कारणें साधीं आहेत. शहरांतील घरें लहान. पंधरा माणसें स्वयंपाकघरांत मावत नाहींत. यजमानीण दिवसभर नोकरीवर असते. आवराआवर, झाडलोट व नंतरचीं भांडीं ह्यांचा विचार मनांत येतांच ती आमंत्रणासच नकार देते. कोणाला आपलें साधें घर दाखविण्याचा संकोच वाटतो, तर कोणाला अनोळखी माणसांस घरांत घेणें रुचत नाहीं. ह्या सर्व अडचणी सभागृहामुळें दूर होतात. शिवाय, पाहुणीवरील भिडेचा भारही हलका होतो. सार्वजनिक जागेंतून कांहीं न घेतां उठून जाणें तिला सोपें वाटतें.

परंतु घर कांहीं गोष्टी न मागतां पुरवीत असतें, त्यांची किंमत बाहेर पडल्यावरच कळते. वाहतें पाणी, हात धुण्याची जागा, शीतकपाट, कचऱ्याचें डबडें, ओलीं फडकीं, पाण्याचा निचरा ह्यांपैकीं एकही सभागृहांत असेलच असें नाहीं. म्हणून जाणती विक्रेती आधीं एकवार जागा पाहून येते, आणि तिची पहिली चौकशी विजेची असते. अमेरिकेंत भिंतींतील साध्या खोबणीचा दाब १२० व्होल्ट, व एका जोडणीची मर्यादा बहुधा १५ अँपियर असते. म्हणजे एका जोडणीवर एका वेळीं फार तर १,८०० वॅटचा भार चालतो. १,५०० वॅटच्या दोन शेगड्या तीवर लावल्या कीं कळ खालीं पडते आणि अर्धाकच्चा पदार्थ सर्वांदेखत थंड होतो. भारतांत दाब २३० व्होल्टचा आहे. ६ अँपियरच्या लहान खोबणींतून सुमारें १,३८० वॅट, तर १६ अँपियरच्या मोठ्या खोबणींतून सुमारें ३,६८० वॅट घेतां येतात. तेव्हां २,००० वॅटची इंडक्शन शेगडी लहान खोबणीस लावणें हें संकटास आमंत्रण होय. गॅसच्या शेगडीस तर व्यवस्थापकांची स्पष्ट परवानगी असल्यावांचून हातच लावूं नये.

दुसरी काळजी अन्नाची. अमेरिकेच्या कृषिखात्याचा उपदेश असा कीं, नाशवंत अन्न ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान दोन तासांहून अधिक ठेवूं नये, आणि हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर एका तासाहून अधिक नको. घरीं चिरलेली कोंबडी गाडींतून आणून, भाषण संपेपर्यंत मेजावर ठेवणें ह्या हिशेबांत बसत नाहीं. म्हणून बाहेरच्या प्रयोगासाठीं भाज्या, फळें, कोशिंबिरी, ताजी भाकरी असे पदार्थ निवडावे. दूध, मांस व अंडीं ह्यांस बर्फाची पेटी द्यावी. आणि नळ नसल्यास तोटीचें पाण्याचें पिंप व साबण बरोबर न्यावा. कांहीं ठिकाणीं सार्वजनिक जागेंत अन्न वांटण्यास आरोग्यखात्याचा परवाना लागतो, आणि कित्येक ग्रंथालयें आपल्या खोल्यांत विक्री होऊं देत नाहींत. ही चौकशी आमंत्रणें धाडण्यापूर्वीं झाली पाहिजे.

तिसरी गोष्ट भाड्याची, आणि खरी मेख येथेंच आहे. समजा, सभागृहाचें भाडें दोन हजार रुपये आहे आणि विक्रेतीस विक्रीवर शेंकडा वीस मिळतात. तर केवळ भाडें फिटण्यासाठीं दहा हजारांची विक्री झाली पाहिजे. बारा पाहुण्या असतील तर प्रत्येकीमागें आठशें रुपयांहून अधिक खरेदी पडली. आणि पदार्थाचें साहित्य, प्रवास व विक्रेतीची मेहनत ह्यांचा हिशेब अजून राहिलाच. हा आंकडा डोक्यांत घेऊन उभी राहिलेली विक्रेती प्रयोग दाखवीत नाहीं, वसुली करते. तिचा आवाज चढतो, आर्जव वाढतें, यजमानीणीकडे सूचक कटाक्ष जाऊं लागतात. जी भीड घराच्या उंबऱ्याशीं मागें राहिली होती, ती भाड्याच्या रूपानें मागील दारानें आंत शिरते. म्हणून बिनभाड्याची किंवा नाममात्र भाड्याची जागा मिळत नसेल, तर पार्टी पुढें ढकलणेंच शहाणपणाचें.

कचेरींतील पार्टी बिनभाड्याची असते, पण तेथें दुसरें भय आहे. यजमानपद वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असेल, तर हाताखालील माणसांस नकार देणें घरच्यापेक्षांही कठीण होतें. तेथें मैत्रिणीची भीड नसून नोकरीची असते. असें यजमानपद बरोबरीच्या व्यक्तीकडे असावें, जेवणाच्या सुट्टींत असावें, आणि कोणी काय घेतलें हें मोठ्यानें वाचलें जाऊं नये.

कायद्यानेंही स्थळाचा हा फरक ओळखला आहे. अमेरिकेंतील फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार, विक्रेत्याच्या कायम दुकानाबाहेर झालेली खरेदी ग्राहकास तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करतां येते. मात्र खरेदी ग्राहकाच्या स्वतःच्या घरीं झाली असेल तर ती निदान २५ डॉलर्सची, आणि भाड्याचें सभागृह किंवा हॉटेल अशा तात्पुरत्या ठिकाणीं झाली असेल तर निदान १३० डॉलर्सची असावी लागते. ही दुसरी मर्यादा २०१५ सालापासून आहे. घरांत आलेल्या विक्रेत्यास टाळणें अधिक कठीण, म्हणून घरच्या ग्राहकास संरक्षण अधिक, असाच ह्याचा अर्थ होतो.

टपरवेअर भारतांत १९९६ सालीं आलें, आणि शहरांतील अनेक गृहिणींस अशा पार्ट्यांची ओळख झाली. हळदीकुंकवास जमणाऱ्या बायकांस चारजणींनीं एकत्र बसण्याचें नवल नव्हतें. नवल एवढेंच कीं, येथें वाण लुटण्याऐवजीं तें विकत घ्यावयाचें होतें. ग्राहक संरक्षण कायद्याखालीं २०२१ सालीं येथें प्रत्यक्ष विक्रीचे नियम झाले. विक्रेत्यानें आरंभींच आपली व कंपनीची ओळख, मालाचें स्वरूप व भेटीचा हेतु प्रामाणिकपणें सांगावा. ओळखपत्र व पूर्वसंमति ह्यांवांचून ग्राहकाच्या जागेंत जाऊं नये. आणि माणसांवर माणसें जोडण्याच्या साखळीवर चालणाऱ्या योजना चालवूं नयेत, असें त्यांत आहे. 'स्वयंपाकाचा वर्ग' म्हणून आमंत्रण द्यावयाचें आणि शेवटीं मागणीचा कागद पुढें करावयाचा, हें ह्या नियमांच्या अर्थास धरून नाहीं. विक्री होणार असेल, तर आमंत्रणांतच तसें लिहावें.

भांडीं झिजतात, झांकणें हरवतात. शेजार मात्र जन्माचा असतो. ज्या बाईनें कांहीं घेतलें नाहीं, तिला दुसऱ्या दिवशीं जिन्यांत यजमानीणीच्या डोळ्यांस डोळा देतांना संकोच वाटूं नये. पुढच्या वेळीं बोलावणें गेलें असतां ती आनंदानें आली, तर पहिली पार्टी खरोखर साधली असें समजावें. मग त्या सायंकाळीं विक्रीचा आंकडा कितीही लहान असो.