जमैकाचा बन, नगरची काकवी

जमैकात ईस्टर म्हटलं की बन आणि चीज. हा बन आपल्या चहाबरोबरच्या गोल बनसारखा नसतो. लांबट साच्यात भाजलेला, गर्द तपकिरी, बेदाण्यांनी गच्च भरलेला. त्याचे काप काढायचे आणि दोन कापांमध्ये डब्यातल्या चीजचा जाड तुकडा घालायचा. मूळ घराणं इंग्रजांच्या गुड फ्रायडेच्या हॉट क्रॉस बनचं. इंग्रजांनी १६५५ मध्ये जमैका घेतलं. पुढे त्या बेटावर बनवरचा क्रूस गेला आणि पिठात मळी आली.

कारण बेट उसाचं. कॅरिबियनमध्ये ऊस कोलंबसाने १४९३ च्या सफरीत नेला. आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनी मळ्यांत राबून साखर काढली. गुलामगिरी संपल्यावर, १८४५ पासून, तिथे भारतातले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले मजूर, उतरले. बनच्या काळ्या गोडव्यात हे कष्ट आहेत, आणि ते सांगितल्याशिवाय नुसती कृती सांगणं मला पटत नाही.

नगर जिल्ह्याला ऊसही नवा नाही, ईस्टरही नाही. अमेरिकन मराठी मिशन नगरात १८३१ मध्ये आलं. हरेगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना होता आणि मतमाउलीची, म्हणजे मारियामातेची, यात्राही तिथेच भरते.

कारखान्याची मळी दारूभट्टीकडे जाते. स्वयंपाकघरासाठी गुऱ्हाळाची काकवी घ्यावी. मळीतली बरीचशी साखर काढून घेतलेली असते, काकवीत ती सगळी असते. त्यामुळे बन कमी कडवट आणि रंगाने थोडा उजळ होतो. वरची साखर हात राखून घाला. तिकडचा खास मसाला ऑलस्पाइस. तो नसला तर लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र कुटा, वास बराच जवळ जातो.

खरी परीक्षा पीठ फुगवताना. गोड पिठात यीस्ट मंदावतं, कारण साखर पाणी ओढून घेते. घाई केली की बन दगड होतो. पीठ दुप्पट होऊ द्या, मगच बेदाणे घालून हलक्या हाताने मळा. आधी घातले तर मळताना पिठाचे ताणलेले धागे तुटतात. साच्यात पुन्हा फुगू द्या, मध्यम आचेवर भाजा आणि गरम असतानाच वरून साखरेचा पाक फिरवा.

ईस्टर येतो तेव्हा कारखान्यांचा पट्टा पडायला आलेला असतो, गुऱ्हाळावर मात्र काकवी मिळू शकते. श्रीरामपूर-राहात्याच्या बेकरीवाल्यांनी येत्या ईस्टरला एक घाणा या बनचा लावून बघावाच.