विजया मेहता: रंगभूमीच्या ‘बाई’

मराठी नाटकवाल्यांत नुसतं ‘बाई’ म्हटलं की विजया मेहताच! १९६० मध्ये विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, डॉ. श्रीराम लागू यांच्यासोबत त्यांनी ‘रंगायन’ ही नाट्यसंस्था काढली आणि प्रायोगिक रंगभूमीला घर मिळालं. आयनेस्कोचं ‘खुर्च्या’ मराठीत आलं, खानोलकरांचं ‘एक शून्य बाजीराव’ उभं राहिलं. ब्रेख्तही त्यांनी मराठी मातीत रुजवला: ‘अजब न्याय वर्तुळाचा’.

पण बाई प्रायोगिकतेच्या कोपऱ्यात बसल्या नाहीत. ‘संध्याछाया’, ‘बॅरिस्टर’, ‘हमीदाबाईची कोठी’ थेट व्यावसायिक रंगमंचावर! १९८५ च्या ‘वाडा चिरेबंदी’त दिग्दर्शनही त्यांचं आणि भूमिकाही त्यांची. त्या नाटकात दारात गंजणारा ट्रॅक्टर, आत खचत चाललेलं देशपांडे घराणं.

नाटक शिकायचंय? बाईंचं ‘झिम्मा’ हे पुस्तक वाचाच!

#विजयामेहता #मराठीरंगभूमी