कारखान्यातील वस्तू आणि गावातील कारागीर

कारखान्यातून बाहेर पडणारी प्रत्येक वस्तू एका ठरावीक कामासाठी आखलेली असते. ते काम कोणते, हे निर्माता ठरवितो. परंतु वस्तू वापरणाऱ्याच्या सर्व गरजा त्याला ठाऊक असतातच असे नाही. अशा वेळी वापरणारा स्वतःच वस्तूत फेरफार करतो आणि काही अंशी तोही निर्माता बनतो. भारतातील वाहनांत याची बोलकी उदाहरणे आढळतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याने विक्रीस काढलेल्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींना दिल्लीतील कारागिरांनी मागे प्रवाशांसाठी आसनांचा सांगाडा जोडला. आवाजावरून ‘फटफटी’ हे नाव मिळालेली ही वाहने, प्रदूषणाच्या कारणास्तव १९९० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यांवरून हटविली जाईपर्यंत, चांदणी चौकाच्या परिसरात धावत होती.

उत्तर भारताच्या खेड्यांतील ‘जुगाड’ हे याच परंपरेतील दुसरे वाहन होय. पंजाबात त्याला ‘पीटर रेहडा’ असेही म्हणतात. रेहडा म्हणजे गाडा. ‘पीटर’ या शब्दात पेटर या इंग्रजी बनावटीच्या इंजिनाची आठवण उरली आहे. विहिरीवरील पंप चालविण्यासाठी घेतलेले एका सिलिंडरचे डिझेल इंजिन पाणी देण्याचा हंगाम सरला की स्वस्थ पडून राहते. त्याच सुमारास शेतमाल बाजारात नेण्यासाठी मात्र वाहन हवे असते. या दोन गोष्टींची सांगड घालण्यातून जुगाड जन्मास आले.

तथापि इंजिन गाड्यावर ठेवले म्हणजे गाडा चालू लागतो असे नाही. पंपाचे इंजिन जवळजवळ एकाच गतीने फिरावे अशी त्याची रचना असते. याउलट वाहनाला निघताना व चढावर अधिक ओढ लागते, तर सपाट रस्त्यावर अधिक वेग लागतो. म्हणून कारागीर जुन्या जीपचा क्लच, गिअरपेटी आणि मागील आस मिळवितो व इंजिनाची शक्ती पट्ट्याच्या साहाय्याने त्यांच्यापर्यंत पोहोचवितो. यंत्राचा कोणता भाग काय करतो, हे नेमके उमगल्यावाचून अशी जुळणी साधत नाही. हे ज्ञान गावातच असल्याने दुरुस्तीही गावातच होते. स्वतः फेरफार करण्याच्या प्रवृत्तीचे खरे मोल पैशांच्या बचतीपेक्षा या ज्ञानात आहे.

परंतु या चित्राला दुसरी बाजूही आहे. एका जागी बसून चालणाऱ्या इंजिनाला ब्रेकची गरज नसते. धावत्या, माणसांनी भरलेल्या गाड्याला मात्र असते. जुगाडाचे ब्रेक बहुधा दुबळे असतात. नोंदणी नाही, म्हणून विमा नाही. आणि विमा नाही, म्हणून अपघातात सापडलेल्या कुटुंबाला भरपाई मिळणे दुरापास्त होते. जुगाड हेही मोटार वाहनच असून त्याला मोटार वाहन कायद्यातील नोंदणी, परवाना व विमा यांविषयीच्या तरतुदी लागू होतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिला. फेरफार करणाऱ्याने वस्तूचे काम बदलले की त्या कामातील धोक्यांची जबाबदारीही त्याच्याकडे येते, हाच या निर्णयाचा मथितार्थ म्हणता येईल.

ही जबाबदारी एकट्या कारागिराला पेलणारी नाही. सौराष्ट्रातील ‘छकडा’ या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पुढे मोटारसायकल आणि मागे गाडा अशा घडणीचे हे वाहन प्रथम कारागिरांच्या हातून घडले व पुढे राजकोटकडील कारखान्यांत रीतसर तयार होऊ लागले. केवळ बंदी घातल्याने गरज नाहीशी होत नाही, आणि केवळ कौतुक केल्याने ब्रेक सुधारत नाहीत. कारागिराची कल्पकता आणि अभियंत्याची परीक्षा यांची गाठ पडते, तेव्हाच गावाची सोय आणि प्रवाशाचा जीव ही दोन्ही सुरक्षित राहतात.